युरोच्या नोटेवर चेहरा कोणाचा? युरोप इतकी वर्षं हा प्रश्न का टाळत होता?

20 रुपयांची नवी नोट उलटून पाहा. मागे वेरूळची लेणी दिसतील. 20 युरोच्या नोटेमागे दिसतो एक पूल. हा पूल कुठे आहे? नोट निघाली तेव्हा तरी कुठेच नव्हता!

2002 साली युरोच्या नोटा बाजारात आल्या. ऑस्ट्रियाचे रॉबर्ट कालिना यांनी त्यांवर काल्पनिक दारं-खिडक्या आणि पूल काढले होते. आयफेल टॉवर छापला असता, तर इटलीने विचारलं असतं, कोलोसियम का नाही? म्हणून फक्त स्थापत्यशैली दाखवायच्या, खरी वास्तू नाही, असा तोडगा निघाला. पुढे नेदरलँड्समधल्या स्पायकेनिस गावाने नोटांवरचे सातही पूल प्रत्यक्षात बांधून टाकले. गंमत आहे, पण त्यामुळे हे काल्पनिक पूल आता फक्त एकाच देशात आहेत.

आता काय बदलतंय?

युरोपियन सेंट्रल बँक नोटांचं रूप बदलणार आहे. जानेवारी 2025 मध्ये तिने दोन पर्यायांची चित्रं ठरवली. एक 'युरोपीय संस्कृती', दुसरा 'नद्या आणि पक्षी'.

संस्कृतीच्या पर्यायात सहा चेहरे आहेत: मारिया कॅलास, बीथोव्हन, मेरी क्युरी, सर्व्हांटेस, लिओनार्दो दा विंची आणि बर्था फॉन सुटनर.

ही नावं हुशारीने निवडली आहेत असं मला वाटतं. क्युरी जन्मल्या वॉर्सात, संशोधन केलं पॅरिसमध्ये. बीथोव्हन बॉनचा, पण कारकीर्द व्हिएन्नात. लिओनार्दोचा मृत्यू फ्रान्समध्ये झाला. शांततेचं नोबेल मिळवणाऱ्या पहिल्या महिला सुटनर प्राग शहरातल्या. ग्रीक आई-वडिलांच्या कॅलास तर न्यूयॉर्कमध्ये जन्मल्या. थोडक्यात, कुणा एका देशाला पूर्ण हक्क सांगता येणार नाही अशी माणसं.

मग अडचण कुठे आहे?

युरोपात आज तुर्की, अल्जेरियन, भारतीय वंशाचे लाखो लोक राहतात. त्यांच्यापैकी कुणाचाच चेहरा या यादीत नाही. अल्जेरियाशी नातं सांगणारा एकच, सर्व्हांटेस. तोही तिथे पाच वर्षं कैदेत होता म्हणून.

शिवाय युरोची एक नोट आधीच वेगळं काही सांगते. 2013 पासूनच्या मालिकेत, नोट उजेडात धरली की युरोपा दिसते. ग्रीक पुराणकथेत ही टायर शहरातली, म्हणजे आजच्या लेबनॉनमधली राजकन्या. झ्यूस बैलाच्या रूपात तिला क्रीटला पळवून नेतो. खंडाला नाव मिळालं ते आशियातल्या मुलीचं.

भारताने हा प्रश्न वेगळ्या पद्धतीने सोडवला. 1996 च्या मालिकेपासून समोर गांधीजी, आणि नोटेवर रक्कम तब्बल 17 भाषांमध्ये. युरोच्या नोटेवर भाषा जवळपास नाहीतच. 'युरो' हा शब्द फक्त रोमन, ग्रीक आणि सिरिलिक लिपींत. पण भारत एक देश आहे आणि युरोपियन युनियन देशांचा संघ, त्यामुळे ही तुलना थोडी ताणूनच करावी लागते.

पक्ष्यांचा पर्याय निवडला गेला, तर चेहऱ्यांचा वाद मिटेल. त्या यादीत खंड्या आहे, वेडा राघूच्या कुळातला एक पक्षी आहे आणि पांढरा करकोचाही. हा करकोचा उन्हाळ्यात युरोपात घरटं बांधतो आणि हिवाळा बहुतेकदा आफ्रिकेत काढतो.