गणितालाही ओसरी हवी

भाजीच्या पाटीमागे बसलेल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाकडे तीस रुपये किलोची सातशे ग्रॅम वांगी मागावीत आणि पन्नासाची नोट पुढे करावी. तो क्षणभरही न अडखळता एकोणतीस रुपये परत करतो. हाच मुलगा वर्गात साधा भागाकार मांडताना मात्र मान खाली घालतो. हा अनुभव शिक्षकांना नवा नाही. परंतु आता त्याला भक्कम पुरावाही मिळाला आहे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या १,४३६ मुलांची पाहणी केली व तिचे निष्कर्ष २०२५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. यातील जवळजवळ सर्व मुले विक्रीचा गुंतागुंतीचा हिशेब बिनचूक करीत होती. पण तेवढीच किंवा त्याहून सोपी उदाहरणे शालेय पद्धतीने समोर ठेवताच ती अडली. उलट, बाजाराचा अनुभव नसलेल्या ४७१ शाळकरी मुलांना कागदावरची साधी उदाहरणे अधिक चांगली जमली. मात्र काम करणाऱ्या एक-तृतीयांशाहून अधिक मुलांनी सोडविलेले व्यवहारी उदाहरण त्यांच्यापैकी केवळ एक टक्का मुलांना सोडविता आले.

या आकड्यांचा अर्थ गंभीर आहे. एका मुलाजवळ आशय आहे, पण चिन्हे नाहीत. दुसऱ्याजवळ चिन्हे आहेत, पण आशय नाही. दोघेही अर्धवट गणित घेऊन मोठे होतात, आणि परीक्षेत नापास होणाऱ्या पहिल्याला तर आपल्याला गणित येते याचाच पत्ता लागत नाही. ‘असर’च्या २०२४ सालच्या पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या अवघ्या ३०.७ टक्के मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले. उरलेल्यांच्या कपाळी ‘ढ’ हा शिक्का बसतो आणि तो बहुधा जन्मभर पुसला जात नाही. त्यांच्यापैकी कितीजण रोज बाजारात भागाकार करीत असतील, याची नोंद कोणत्याही प्रगतिपुस्तकात नसते.

जुन्या पिढीला पावकी, निमकी, दिडकी मुखोद्गत होती, असे अभिमानाने सांगितले जाते. त्या पाठांतराची थोरवी गाताना दोन गोष्टींचा विसर पडतो. त्या पाढ्यांमागे घराघरांत शेर, अधोली, पायली अशी मापे प्रत्यक्ष हाताळली जात होती, आणि शाळेचा उंबरठा तेव्हा फार थोड्या मुलांना ओलांडता येत होता. म्हणून आज गरज जुने पाढे परत आणण्याची नसून हात आणि वही यांच्यातील तुटलेला दुवा सांधण्याची आहे, आणि तोही सर्व मुलांसाठी.

हे काम एकट्या शाळेवर सोपवून भागणार नाही. तेथे तासाची घंटा आहे, पुरा करावयाचा अभ्यासक्रम आहे आणि चुकल्यास गुण जातील ही धास्ती आहे. बाजारात हिशेब आहे, पण ‘असे का?’ हे विचारण्यास उसंत नाही. घर आणि रस्ता यांच्यामध्ये जशी ओसरी असते, तशी या दोहोंमध्ये एक जागा हवी. गावोगावची सार्वजनिक वाचनालये, समाजमंदिरे, ग्रामपंचायतींची सभागृहे संध्याकाळी कितीदा तरी रिकामी असतात. जेथे कोणत्याही वस्तीतील मूल आणि विशेषतः मुली निःसंकोच येऊ शकतील अशी एक खोली आठवड्यातून एकदा दोन तास उघडावी, एवढीच ही मागणी आहे.

तेथे करावयाचे काय? जमिनीवर एक चिंचोका ठेवावा. त्याच्या दोन बाजूंनी तीन चिंचोके मांडून चौरस करावा, मग पाच मांडून त्याहून मोठा. पुढच्या चौरसाला किती लागतील हे मुलांनी आधी सांगावे, मांडून पाहावे आणि मगच वहीत १ + ३ + ५ + ७ = १६ असे लिहावे. कागदी त्रिकोणाचे तिन्ही कोपरे फाडून एकाशेजारी एक ठेवले की त्यांची सरळ रेषा होते. १८० अंशांचा नियम मग घोकावा लागत नाही. देवळालीच्या शाळेतील शिक्षक द. रा. कापरेकर (१९०५-१९८६) यांनी शोधलेला खेळ तर अंकांच्या चार कार्डांवर होतो. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही संख्या घ्यावी, त्या अंकांची सर्वांत मोठी व सर्वांत लहान संख्या करून वजाबाकी करावी आणि उत्तरावर तीच क्रिया पुन्हा करावी. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतेच. वजाबाकीचा एरवी कंटाळवाणा वाटणारा सराव मुले येथे आपण होऊन मागतात.

अशा कामाला महागड्या साहित्याची गरज नाही, हे अरविंद गुप्ता यांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून दाखवून दिले आणि पुण्याच्या आयुका संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत ते पुढे नेले. तथापि साहित्य हाती दिले म्हणजे गणित आले, असेही नव्हे. चिंचोक्यांपासून समीकरणापर्यंतचे पाऊल मुलाने केव्हा टाकावे, हे ओळखणारा शिक्षक जवळ नसेल तर तो निव्वळ खेळ उरतो.

म्हणूनच अशा ओसरीवर शिक्षकांचीही सोय हवी. मध्य प्रदेशात १९७२ साली सोळा शाळांतून सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने शिक्षकांच्या मासिक बैठकांना मोठे स्थान दिले होते. तो विषय विज्ञानाचा होता आणि शासनाने २००२ साली तो कार्यक्रम बंद केला. परंतु शिक्षकालाही करून पाहण्याची आणि शंका बोलून दाखविण्याची जागा लागते, हा त्याचा धडा गणितालाही लागू आहे. अपूर्णांकाच्या भागाकारात दुसरा अपूर्णांक उलटा का करतात, हे अनेक शिक्षकांना त्यांच्या शाळेत कोणी सांगितलेलेच नसते. त्यांना दोष देण्यापेक्षा कागदाच्या पट्ट्या घेऊन शेजारी बसणे अधिक उपयोगाचे ठरेल.

मात्र अशैक्षणिक कामांनी आधीच वाकलेल्या शिक्षकाच्या माथी हे आणखी एक विनामूल्य ओझे मारणे अन्यायाचे होईल. येथे दिलेले तास त्याच्या प्रशिक्षणात धरले जावेत. खोली व दिवाबत्ती ग्रामपंचायतीने अथवा नगरपालिकेने द्यावी. आणि स्पर्धा, बक्षिसे, अहवाल यांना या जागेत मज्जाव असावा. खर्च अत्यल्प आहे. बाजारात एकोणतीस रुपये बिनचूक परत करणाऱ्या त्या मुलाला, तू केलेस तेच गणित, असे सांगणारे कोणीतरी भेटले, तर तो वर्गात मान वर करून बसेल.