आपल्यातला प्राणी कोणता?

नोकरीच्या मुलाखतीत तरुणांना कधीकधी विचारले जाते : तुम्ही प्राणी असता, तर कोणता असता? उत्तर बहुधा सिंह किंवा वाघ असेच येते. आपल्या व्यापारी घरांतही अशी नावे दिली जातात. गल्ल्यावर बसणारा थोरला ‘वाघ’ ठरतो, मुकाट्याने खातेवही लिहिणारा धाकटा ‘गोगलगाय’. आणि लग्नाच्या बोलणीत मुलगी ‘अगदी गरीब गाय’ असल्याची ग्वाही दिली जाते.

मंदिरातील मूर्तींकडे या दृष्टीने पाहावे. भगवान महावीरांचे लांछन सिंह. पण ऋषभदेवांचे वृषभ, अभिनंदननाथांचे वानर, वासुपूज्यांचे महिष, कुंथुनाथांचे बोकड, मुनिसुव्रतांचे कूर्म. लांछन ही मूर्ती ओळखण्याची खूण आहे, स्वभावाचे वर्णन नव्हे. तरीही एक गोष्ट ध्यानात येते : बोकडाचे स्थान सिंहाहून खालचे नाही. खूण पीठावर, पायांशी असते. वरची मुद्रा सर्वत्र सारखीच शांत.

‘ज्ञाताधर्मकथा’ या आगमातील मेघकुमाराची कथा याहून पुढे जाते. राजा श्रेणिकाचा हा पुत्र दीक्षेच्या पहिल्याच रात्री खचला. सर्वांत नवा म्हणून त्याची शय्या दाराजवळ होती. ये-जा करणाऱ्या साधूंचे पाय लागत, धूळ अंगावर पडे. सकाळी घरी परतण्याचे त्याने ठरवले. तेव्हा भगवान महावीरांनी त्याला पूर्वभवातील हत्तीची आठवण दिली. वणव्यात सारे प्राणी एका मोकळ्या जागेत दाटीने उभे होते. अंग खाजवण्यासाठी हत्तीने पाय उचलला आणि त्या रिकाम्या जागेत एक ससा येऊन बसला. हत्तीने अडीच दिवस पाय टेकवला नाही. वणवा विझून ससा निघून गेला, तेव्हा आखडलेल्या पायामुळे तो कोसळला आणि पुढे त्यातच त्याचा अंत झाला. ही ओळख पटताच मेघकुमार स्थिर झाला. भगवंतांनी हत्तीचे बळ सांगितले नाही; आवरून धरलेला पाय सांगितला.

जळगाव-धुळ्याच्या बाजारात कापसाचा किंवा डाळींचा भाव फिरतो, तेव्हा झेप घेणारा हवा; तसाच थांबणाराही हवा. पण वाटणीच्या वेळी ‘वाघा’च्या वाट्याला पेढी येते आणि ‘गोगलगायी’ला कोणी विचारतही नाही. ‘गाय’ म्हणून पाठवलेली मुलगी सासरचा जाच माहेरी सांगत नाही, कारण सोसणे हीच तिची ओळख आपण ठरवलेली असते.

श्रावण अमावास्येला खान्देशात पोळा असतो; श्वेतांबरांचे पर्युषणही त्याच सुमारास येते. यंदा घरात बसून प्रत्येकाला विचारावे : तुझा उचललेला पाय कोणता? तू कोणासाठी काय आवरून धरले आहेस? धाकट्याचे उत्तर ऐकताना थोरल्याने मध्ये बोलू नये. आणि सासरी असलेल्या मुलीला फोन करण्यासाठी सणाची वाट पाहू नये.