भोर घाट नेमका कोणी बांधला? नेतृत्व आणि व्यवस्थापन यांविषयी थोडेसे 🧵

१/ ‘एका विधवेने भोर घाटातील लोहमार्ग बांधला’ ही एलिस ट्रेडवेलची कथा आपण अनेकदा वाचली असेल. ती खोटी नाही. परंतु अशी सांगितली की नेतृत्व आणि व्यवस्थापन यांतील भेदच पुसला जातो.

२/ काम १८५६ मध्ये सुरू झाले. सुमारे १८३१ फुटांची चढण, २५ बोगदे. आखणी जीआयपी रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांची. कंत्राटदार विल्यम फेविएल.

३/ जानेवारी १८५९ मध्ये मजुरीच्या तक्रारींवरून मजुरांनी दंगा केला आणि त्याच वर्षी फेविएलने कंत्राट सोडले. ध्यानात घ्या, आखणी चुकलेली नव्हती. धागा तुटला तो कंत्राटदार आणि मजूर यांच्यामध्ये. घामाचे दाम हातात पडत नसतील, तर उत्तमातला उत्तम नकाशाही कागदावरच राहतो.

४/ नवे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ च्या अखेरीस आले आणि अल्पावधीतच मृत्यू पावले. एलिसने कंत्राट सोडले नाही. मात्र प्रत्यक्ष कामाची सूत्रे तिने अ‍ॅडमसन आणि क्लाउझर या जाणकारांकडे सोपवली.

५/ माझ्या मते तिचे नेतृत्व या दोन निर्णयांत आहे: मागे न हटणे, आणि जे आपल्याला येत नाही ते येणाऱ्याच्या हाती देणे. १८६१ च्या सुमारास घाटात ४२,००० हून अधिक माणसे राबत होती. त्यांची हजेरी, मजुरी, दारूगोळा, दगड आणि त्यात पटकीची साथ, हे सारे रोज सांभाळणे म्हणजे व्यवस्थापन. ते दुय्यम कसे म्हणावे?

६/ २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी मार्गाचे उद्घाटन केले. बर्कली १८६२ मध्येच निवर्तले होते; स्वतःची आखणी पूर्णत्वास गेलेली त्यांनी पाहिली नाही.

७/ एलिसला एकटीला नायिका केले, की अ‍ॅडमसन-क्लाउझर लुप्त होतात आणि ज्यांच्या दंग्याने पहिले कंत्राट कोलमडले ते मजूर तर तळटीपेतही उरत नाहीत. त्यांपैकी बहुतेकांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. निदान त्यांची संख्या तरी कथेतून गाळू नये, एवढाच आग्रह.