नव्या गाडीपेक्षा स्वस्त, वय मात्र 90 वर्षं : महायुद्धाआधीची गाडी आज बाळगणं खरंच परवडतं का?

व्हिंटेज कार म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? एखाद्या संस्थानिकाची रोल्स रॉइस, चकचकीत पितळी दिवे आणि कोटींच्या घरातली किंमत. त्यामुळे 'हे आपलं काम नाही' म्हणून आपण रीलला लाइक करतो आणि पुढे सरकतो.

पण ब्रिटनमध्ये चित्र वेगळं आहे. तिथे दहा हजार पौंडांच्या आसपास, म्हणजे साधारण 11 ते 12 लाख रुपयांत, 1930च्या दशकातली चालू स्थितीतली ऑस्टिन सेव्हन मिळू शकते. नवी छोटी हॅचबॅकसुद्धा तिथे यापेक्षा महाग पडते. शिक्षक, निवृत्त कर्मचारी, गॅरेजवाले अशी साधी माणसं या गाड्या बाळगतात आणि रविवारी नाही तर भाजी आणायलाही बाहेर काढतात.

मग नव्वदी गाठलेली गाडी एवढी स्वस्त कशी? ती रोज चालते कशी? आणि भारतात हे शक्य आहे का? समजून घेऊया.

'प्री-वॉर' गाडी म्हणजे नेमकी कोणती?

दुसरं महायुद्ध सुरू होण्याआधी, म्हणजे साधारण 1939पर्यंत बनलेल्या गाड्यांना 'प्री-वॉर' म्हणतात. आपण सगळ्याच जुन्या गाड्यांना व्हिंटेज म्हणतो, पण ब्रिटनमधले शौकीन याबाबत काटेकोर असतात. तिथे 'व्हिंटेज' म्हणजे 1930च्या अखेरपर्यंत बनलेली गाडी. ही व्याख्या रुजवण्यात 1934 साली सुरू झालेल्या व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लबचा मोठा वाटा आहे.

एवढी जुनी गाडी स्वस्त का?

पहिलं कारण म्हणजे संख्या. ज्या गाड्या त्या काळात सामान्य माणसासाठी बनल्या, त्याच आज सामान्य माणसाला परवडतात. ऑस्टिन सेव्हन 1922 साली आली ती मोटरसायकलला साइडकार जोडून फिरणाऱ्या कुटुंबासाठी. 1939पर्यंत अशा जवळपास 2 लाख 90 हजार गाड्या बनल्या. अमेरिकेत फोर्डने 1908 ते 1927 या काळात दीड कोटी 'मॉडेल टी' बनवल्या आणि त्यानंतर 1931पर्यंत 48 लाखांच्या आसपास 'मॉडेल ए'. इतक्या गाड्या बनल्या म्हणून बऱ्याच टिकल्या, आणि ज्या गोष्टी भरपूर टिकतात त्यांना दुर्मिळतेचा भाव मिळत नाही.

दुसरं कारण माणसांचं आहे. जुनी गाडी घेणारे बहुतेक लोक आपल्या लहानपणीची किंवा तरुणपणीची गाडी शोधत असतात. ज्यांनी ऑस्टिन सेव्हन वडिलांच्या हातात पाहिली, ती पिढी आता फार म्हातारी झाली आहे किंवा राहिलेली नाही. आज पैसा हातात असलेल्या पन्नाशीतल्या माणसाला 1980-90च्या दशकातली गाडी हवी असते. त्यामुळे साध्या प्री-वॉर गाड्यांना पूर्वीइतके गिऱ्हाईक उरलेले नाही.

ती चालवायला कशी असते?

इथे गंमतही आहे आणि धोकाही.

ऑस्टिन सेव्हनचं इंजिन 747 सीसीचं. ताकद मॉडेलनुसार 10 ते 17 हॉर्सपॉवर. आपल्याकडची 110 सीसी स्कूटर 8 हॉर्सपॉवरच्या आसपास असते, यावरून अंदाज येईल. ताशी 55 ते 65 किलोमीटर हा तिचा आरामाचा वेग. म्हणजे हायवे तिच्यासाठी नाही, गावातले आणि आडवाटेचे रस्ते तिचे.

सुरुवातीच्या गाड्यांमध्ये गिअरला सिंक्रोमेश नसतो. त्यामुळे गिअर बदलताना क्लच दोनदा दाबावा लागतो आणि मध्ये इंजिनाचा वेग जुळवून घ्यावा लागतो. चुकलं की गिअरबॉक्स दात खातो. ब्रेक तारेवर किंवा लोखंडी सळईवर चालतात, त्यामुळे पुढच्या गाडीपासून अंतर भरपूर ठेवावं लागतं. बॅटरी 6 व्होल्टची, दिवे मिणमिणते. बॅटरी उतरली तर पुढे हँडल मारून गाडी चालू करता येते, जुन्या ट्रकला मारायचे तसंच.

फोर्ड मॉडेल टी तर वेगळीच. तिला तीन पेडल असतात, पण ॲक्सिलरेटर पायात नसून स्टिअरिंगजवळच्या दांड्यात असतो. डावं पेडल गिअर बदलतं, मधलं रिव्हर्स टाकतं आणि उजवं ब्रेक लावतं. आजचा तरबेज ड्रायव्हरही पहिल्या दिवशी गोंधळतो.

सीटबेल्ट, एअरबॅग, अपघातात चेपून धक्का शोषणारं बोनेट यातलं काहीच नाही. म्हणून मूळचे बेल्ट नसलेल्या गाडीत तीन वर्षांखालच्या मुलाला बसवायला ब्रिटनमध्ये बंदी आहे. त्यापेक्षा मोठ्या मुलांनाही फक्त मागच्या सीटवर बसवता येतं.

मग खरा खर्च कुठे येतो?

हत्ती विकत घेणं सोपं, पोसणं अवघड. पण इथे हत्ती कोणता घेताय यावर सगळं अवलंबून आहे.

ऑस्टिन सेव्हन आणि मॉडेल ए यांच्याभोवती क्लब आणि छोट्या कारखानदारांचं जाळं उभं आहे. ब्रेकच्या तारेपासून क्रँकशाफ्टपर्यंत बरेच भाग आजही नवे बनवून मिळतात. गाडी इतकी सरळसाधी आहे की घरच्या गॅरेजमध्ये पान्यांचा संच आणि एखादं माहितीपुस्तक घेऊन बरंच काम होतं. मात्र दर काही शे किलोमीटरनंतर ग्रीसिंग करावंच लागतं.

याउलट कमी संख्येत बनलेली गाडी ऑस्टिनच्याच किमतीत मिळाली तरी ती महागच पडते, कारण तुटलेला एक भाग लेथवर मुद्दाम बनवून घ्यावा लागतो. अनेक प्री-वॉर गाड्यांच्या पत्र्याखाली लाकडाचा सांगाडा असतो. तो कुजला किंवा इंजिनाचं बेअरिंग नव्याने ओतायची वेळ आली, तर काही हजार पौंड सहज जातात. म्हणून जाणकार सल्ला देतात की, अर्धवट खोललेली स्वस्त गाडी घेण्यापेक्षा थोडे जास्त पैसे देऊन चालती गाडी घ्या.

ब्रिटनचा कायदा काय म्हणतो?

तिथे 40 वर्षांपेक्षा जुन्या आणि मूळ रूपात फार बदल न केलेल्या गाडीला रोड टॅक्स भरावा लागत नाही. मे 2018पासून वार्षिक तपासणीचीही सक्ती नाही. लंडनचं प्रदूषण शुल्कही अशा ऐतिहासिक गाड्यांना लागत नाही. आणि मुख्य म्हणजे, खासगी वापरासाठी गाडी कधी, कुठे, कशासाठी काढायची हे मालक ठरवतो.

सवलतीसोबत जबाबदारी येते. धोकादायक स्थितीतली गाडी रस्त्यावर आणली तर 2,500 पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणूनच सक्ती नसतानाही अनेक मालक स्वतःहून तपासणी करून घेतात.

आणि भारतात?

मुंबईचा या इतिहासाशी थेट संबंध आहे. जनरल मोटर्सने 1928 साली शिवडीला कारखाना सुरू करून तिथे गाड्यांची जुळणी केली होती. पण ब्रिटन-अमेरिकेच्या तुलनेत आपल्याकडे त्या काळी गाड्या फारच कमी होत्या. टिकल्या त्याहून कमी. त्यामुळे 'स्वस्त प्री-वॉर गाडी' हा बाजारच इथे नीट तयार झाला नाही.

कायद्याची चौकट 2021 साली आली. केंद्राच्या नियमांनुसार 50 वर्षांपेक्षा जुन्या आणि मूळ रूपात असलेल्या खासगी दुचाकी-चारचाकीला व्हिंटेज म्हणून नोंदवता येतं. नव्या नोंदणीची फी 20 हजार रुपये, मुदत 10 वर्षं. फेरनोंदणीला 5 हजार. अशा नव्या नंबरप्लेटवर 'व्हीए' ही अक्षरं असतात. आधीच नोंदणी असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो.

यामुळे जुन्या गाडीला भंगारात जाण्यापासून संरक्षण मिळालं, ही मोठी गोष्ट आहे. पण एक अट आहे. ही गाडी नेहमीच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी चालवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं, दुरुस्ती आणि त्यासाठी जाणं-येणं एवढीच मुभा.

यामागचा विचार समजण्यासारखा आहे. आपली वाहतूक, प्रदूषण आणि अशा गाड्यांची सुरक्षितता पाहता 'व्हिंटेज'च्या नावाखाली कुणीही जुनाट गाडी रोज फिरवू नये, हा हेतू दिसतो. पण परिणाम असा की गाडी वाहन कमी आणि शोभेची वस्तू जास्त ठरते.

आता पेट्रोलचाही प्रश्न

सप्टेंबर 2021मध्ये ब्रिटनमध्ये साध्या पेट्रोलमधलं इथेनॉलचं प्रमाण 10 टक्क्यांपर्यंत गेलं. जुन्या गाड्यांसाठी 5 टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं 'सुपर' पेट्रोल तिथे ठेवलं गेलं. भारतात आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल हेच सर्वसाधारण पेट्रोल झालं आहे.

इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं आणि जुन्या रबराच्या नळ्या, सील यांना खराब करतं. यावर उपाय आहेत. इथेनॉलला दाद न देणाऱ्या नळ्या बसवायच्या आणि गाडी बराच काळ उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवायची. पण सगळ्यात सोपा उपाय म्हणजे गाडी वरचेवर चालवणं, म्हणजे पेट्रोल टाकीत साचून राहत नाही.

थोडक्यात

प्री-वॉर गाडी परवडते की नाही, हे निव्वळ किमतीवर ठरत नाही. सुटे भाग मिळणं, ते बसवणारा मिस्त्री असणं आणि गाडी चालवण्याची मोकळीक असणं, या तीन गोष्टी असतील तरच ती सामान्य माणसाच्या आवाक्यात राहते.

आणि या तिन्ही एकमेकींना बांधलेल्या आहेत. गाड्या रस्त्यावर येतात म्हणून भागांना मागणी राहते. मागणी असते म्हणून कुणी ते बनवतं. दुरुस्ती होत राहते म्हणून तरण्या मुलाला ते काम शिकावंसं वाटतं. वर्षातून दोनदा रॅलीला निघणाऱ्या गाडीवर मिस्त्रीचं पोट चालत नाही. ब्रिटनमध्येही जुनी पिढी जाते आहे आणि तिथल्या क्लबांपुढेही आता तरुण कुठून आणायचे हाच प्रश्न आहे. किंमत उतरलेली असल्यामुळे तिथे निदान पंचविशीतला मुलगा या छंदात शिरू शकतो. आपल्याकडे ती वाट अजून श्रीमंतांच्या गॅरेजमधूनच जाते.