धाराशिव की उस्मानाबाद? हा प्रश्न आधी टेस्टरला पडायला हवा

३१ मे २०२५ च्या रात्री रेल्वेची मुंबईतील तिकीट आरक्षण प्रणाली काही वेळ बंद ठेवण्यात आली. कारण आपल्याच जिल्ह्यातले होते. उस्मानाबाद स्थानकाचे नाव धाराशिव झाले होते आणि स्थानकाचा संकेत ‘यूएमडी’ऐवजी ‘डीआरएसव्ही’ करायचा होता. फलकावरचे नाव बदलायला एक पेंटर पुरतो. संगणकातले नाव बदलताना मात्र आधी काढलेली तिकिटे, गाड्यांचा शोध, भाडे, परतावा यांतले काही बिघडत तर नाही ना, हे तपासावे लागते. असे तपासण्याचे काम सॉफ्टवेअर टेस्टरचे.

आयटी क्षेत्रात या कामाला दुय्यम समजले जाते. ‘कोडिंग जमले नाही म्हणून टेस्टिंगला गेला’ हे वाक्य पुण्यात नोकरीला गेलेल्या आपल्याकडच्या अनेक मुलामुलींनी ऐकले असेल. हा समज चुकीचा आहे आणि त्याची किंमत शेवटी अॅप वापरणारा सामान्य माणूस मोजतो.

टेस्टर नेमके काय करतो?

डेव्हलपर विचार करतो की हे चालेल कसे. टेस्टर विचार करतो की हे अडेल कुठे. एक साधा फॉर्म घ्या. त्यात जिल्हा, तालुका आणि जमिनीचे क्षेत्र भरायचे आहे.

- शेतकऱ्याच्या जुन्या दाखल्यावर उस्मानाबाद आहे आणि फॉर्मच्या यादीत फक्त धाराशिव. दोन्ही एकच, हे संगणकाला कळेल का?
- कळंब तालुका आपल्याकडे आहे, तसा यवतमाळ जिल्ह्यातही आहे. अर्ज भलत्याच जिल्ह्यात तर जाणार नाही?
- शेतकरी एकर-गुंठ्यात बोलतो, फॉर्म हेक्टरमध्ये विचारतो. एक एकर म्हणजे साधारण ०.४० हेक्टर. त्याने ४० गुंठे म्हणून नुसते ‘४०’ टाकले, तर त्याची नोंद शंभर एकरांच्या घरात जाईल. फॉर्म त्याला अडवेल का?

डेव्हलपरने आपल्याच टेबलावर बसून योग्य माहिती भरली, तर हा फॉर्म उत्तम चालतो. वरचे तिन्ही प्रश्न कोणीतरी मुद्दाम विचारावे लागतात. शिवाय एक चूक दुरुस्त करताना दुसरीकडे चालू असलेले बंद पडू शकते. म्हणून प्रत्येक बदलानंतर जुन्या गोष्टीही पुन्हा तपासाव्या लागतात.

डेव्हलपरच का तपासत नाही?

तपासतो, तपासायलाच हवे. पण आपलेच लिहिलेले वाचताना आपल्या चुका नजरेतून सुटतात. ज्या गैरसमजातून कोड लिहिला, त्याच गैरसमजातून तो तपासला जातो. त्यासाठी दुसरी नजर लागते, आणि तीही काम संपल्यावर नव्हे तर सुरू होतानाच. ‘क्षेत्र कोणत्या मापात विचारायचे?’ हा प्रश्न पहिल्या बैठकीत निघाला तर पाच मिनिटांत सुटतो. अॅप गावोगाव पोहोचल्यावर निघाला तर हजारो नोंदी दुरुस्त कराव्या लागतात.

चूक निसटली तर काय होते?

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. भारतातल्या विमानतळांवरही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. अपडेट आपोआप तपासणारी यंत्रणा कंपनीकडे होती, पण त्या यंत्रणेतच चूक होती.

आपला अनुभव याहून जवळचा आहे. २०१७ च्या कर्जमाफीसाठी शेतकऱ्यांनी ऑनलाइन अर्ज भरले. दिवाळीत प्रमाणपत्रेही वाटली गेली. मात्र बँकांकडे गेलेल्या याद्यांत अनेक शेतकऱ्यांपुढे एकच आधार क्रमांक आढळला. याद्या पुन्हा तपासाव्या लागल्या आणि पैसे मिळणे लांबले. आधार क्रमांक प्रत्येकाचा वेगळा असतो, हे सर्वांना माहीत आहे. दोघांपुढे तोच क्रमांक आला तर यादी पुढे जाता कामा नये, ही तपासणी तर अगदी प्राथमिक.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः शेतात उभा राहून पिकाचा फोटो काढतो आणि नोंद करतो. ही नोंद सातबाऱ्यावर जाते. म्हणजे इथले अॅप अडकले, तर तो फक्त तांत्रिक दोष राहत नाही. पीक उभे असूनही कागदावर ते नसते. भूम-परंड्याच्या शिवारात, जुन्या फोनवर, रेंज येत-जात असताना आणि भर उन्हात स्क्रीन दिसत नसताना ते चालते का, हे पुण्या-मुंबईच्या वातानुकूलित कार्यालयात बसून कळणार नाही.

मग करायचे काय?

सरकारी अॅपच्या निविदेत प्रत्यक्ष गावात चाचणी घेण्यासाठी स्वतंत्र वेळ आणि पैसा ठेवला पाहिजे. घोषणेची तारीख आधी ठरते आणि उशीर झाला की कात्री चाचणीच्या दिवसांना लागते, ही पद्धत बंद व्हावी. ‘हे अजून तयार नाही’ असे सांगणाऱ्या टेस्टरचे म्हणणे ऐकले जावे. आणि चूक निसटली की त्याच्या एकट्याच्या डोक्यावर खापर फोडणेही थांबावे. गुणवत्ता ही सगळ्या टीमची जबाबदारी आहे. टेस्टर धोका दाखवतो. तो दिसूनही पुढे जायचे की नाही, हे बहुतेक वेळा वरचे ठरवतात.

आता कोड लिहायला एआयही मदत करते. कोड जितका झटपट तयार होईल, तितके तो नीट तपासणाऱ्याचे महत्त्व वाढेल. स्वयंचलित चाचण्या लिहायच्या तर टेस्टरलाही कोडिंग शिकावेच लागते. पण गट क्रमांक, पोटहिस्सा, सातबाऱ्यावरची सामाईक नावे, आईच्या साध्या फोनवर न आलेला ओटीपी हे ज्याने घरात पाहिले आहे, त्याच्याकडे पुस्तकात न मिळणारे ज्ञान आहे. तुळजापूर-उमरग्याच्या मुलामुलींनी टेस्टिंगची नोकरी कमीपणाची मानू नये. आपल्या गावचा माणूस कुठे अडेल, हे त्या टीममध्ये कदाचित त्यांनाच सर्वांत आधी दिसेल.