अमृताचं ताट आणि करवंटी

भामचंद्राच्या डोंगरावर तुकोबा ध्यानाला बसले होते, असं परंपरा सांगते. आज तिथून खाली पाहिलं की चाकण एमआयडीसीचे पत्रे दिसतात. पायथ्याशी शिफ्ट सुटते, कंपनीच्या बसमध्ये कुणाच्या तरी मोबाईलवर नव्या ठेक्यात अभंग लागतो, आणि शेजारचा जाणता कुरकुरतो, ‘संतांना तरी सोडा!’

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १५८४ साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केल्यावर एकनाथांनी बजावलंच होतं, की यात कुणी आपली ओवी घातली तर ते अमृताच्या ताटात करवंटी ठेवल्यासारखं होईल. नाथांनीच दम भरल्यावर आपण कोण?

पण दम कशाला भरला, तेही बघा. दुसऱ्याच्या संहितेत आपलं घुसडण्याला. जुन्यातून नवं रचण्याला नव्हे. नाहीतर भागवताचा एकादश स्कंध मराठीत विस्तारणारे, भावार्थरामायण लिहिणारे नाथ स्वतःच दोषी ठरते. ज्ञानदेव तर पहिले आरोपी! १२९० साली नेवाशात त्यांनी गीतेच्या ७०० श्लोकांवर सुमारे ९,००० ओव्या रचल्या. दृष्टान्त स्वतःचे, बोली इथली.

प्राजक्त देशमुखांचं ‘संगीत देवबाभळी’ (२०१७) याच वाटेवरचं. तुकोबांची भाकरी घेऊन डोंगराकडे निघालेल्या आवलीच्या पायात काटा रुततो, विठ्ठल तो काढतो, इथवर आपण कीर्तनात शंभरदा ऐकलंय. नाटकाला खरा रस त्यापुढच्या दिवसांत आहे. रखुमाई ‘लखुबाई’ होऊन आवलीच्या घरी राबायला येते. दोघींचे नवरे रंगमंचावर नाहीत, पण बोलणं त्यांच्याभोवतीच फिरतं. भक्ताच्या बायकोचं काय झालं, हा प्रश्न कीर्तनात सहसा विनोदावारी जातो. इथे तो दोन तास तुमच्यासमोर बसून राहतो.

माझं भांडण दुसऱ्यांशीच आहे. ‘कामगारांच्या पोरांना कळत नाही’ म्हणून अभंगातले अवघड शब्द बदलणाऱ्यांशी. ती मात्र शुद्ध करवंटी. मायक्रोमीटरवर मिलिमीटरचा शंभरावा भाग वाचणाऱ्या पोराला जुना शब्द पेलत नाही, हे ठरवलं कुणी? अडलं तर खाली अर्थ द्या, सार्थ ज्ञानेश्वरीत देतात तसा.

देहूच्या गाथा मंदिरात अभंग भिंतींवर कोरलेले आहेत. त्यांच्यासमोर बसून आवलीनं नवऱ्याची तक्रार केली, तर भिंत काही कोसळत नाही.