कुंपणात सोडलेली वीज

मिस्सानंतर आमच्या धर्मग्रामातील एका बागायतदाराने आम्हांला गाठले. ‘फादर, वाडी माझी, केळी माझी, कुंपणही माझे. त्यात मी वीज सोडली तर बिघडले कुठे? ज्याला चोरी करायची नाही त्याला भय कशाचे?’ असे विचारणारे ते एकटे नाहीत, म्हणून उत्तर येथेच देत आहोत.

१९६३ साली बिहारमधील एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. शेजारच्या घरातील शौचकूपाची भिंत पडून आडोसा गेला, तेव्हा तेथील बाई आरोपीच्या शौचकूपाकडे जाऊ लागली. आरोपीने वाटेवर विजेची उघडी तांब्याची तार बांधली. तारेत वीज आहे ही सूचना नव्हती. बाई तारेला लागून मेली. मालमत्तेच्या रक्षणाची सबब न्यायालयाने मानली नाही. परवानगीवाचून आत आलेला माणूसही कायद्याच्या छत्राबाहेर जात नाही, त्याला इजा करण्यासाठी सापळा लावता येत नाही, असे ठरले. आणि ती चोरी करायला आलीच नव्हती, लाज झाकायला आली होती!

१ जुलै २०२४ पासून जुन्या दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तरी मर्यादा तीच आहे. जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, राहत्या घराला आग, किंवा ज्या चोरीत मृत्यूची अथवा जबर दुखापतीची रास्त भीती वाटावी अशी चोरी, एवढ्यांतच मालकाचा हक्क प्राण घेण्यापर्यंत पोचतो, तोही गरजेपुरता. साध्या चोराला अडवावे, धरावे. ठार मारता येत नाही. शिवाय भीती वाटायला माणूस तेथे हजर हवा. चोर कोण आणि चेंडू शोधायला आलेले पोर कोण, हे तारेला कसे कळावे?

हे वकिली लाड आहेत असे ज्यांना वाटते त्यांनी निर्गमाचा २२ वा अध्याय उघडावा. घर फोडताना मारल्या गेलेल्या चोराचा रक्तदोष मालकावर नाही. सूर्य उगवल्यावर मारला तर आहे. एका सोन्याच्या नाण्यासाठी चोराला मारणे चालते, हे मत पोप अकरावे इनोसंट यांनी १६७९ साली निषिद्ध ठरविले. केळीच्या घडाचा हिशेब बागायतदारांनीच करावा.

पोलीस वेळेवर येत नाहीत, वर्षाची मेहनत एका रात्रीत जाते, ही तक्रार खरी आहे, आणि ठाण्यावर त्यांच्याबरोबर जाण्यास आम्ही तयार आहोत. परंतु त्या वाडीच्या बांधावरूनच मुले धर्मशिक्षणाच्या वर्गाला येतात. तार अद्याप निघालेली नाही. येत्या रविवारी आम्ही पुन्हा विचारणार आहोत.